मुठीतला लाल दिवा

त्या गुरुवारी दुपारी मी आनोलिनी करत होते. रविवारच्या सूपमध्ये सोडायच्या आनोलिनी आमच्याकडे दोन-तीन दिवस आधीच करून, पीठ भुरभुरून पंच्यावर मांडून ठेवतात. कणीक लाटायची, मांसाच्या सारणाची सुपारीएवढी गोळी ठेवायची, वरून दुसरी पोळी घालायची आणि छोट्या वाटीने चकत्या कापायच्या. ओरेस्तेला पातळ कडेच्या लागत. कड जाड राहिली की तो काही न बोलता ती चकती ताटात बाजूला काढून ठेवी. म्हणून मी कडा पुन्हा पुन्हा दाबत होते. बाहेर नोव्हेंबरचं धुकं होतं. पो नदीकडून ते रोज दुपारी वर चढतं आणि ओल्या लोकरीसारखं खिडक्यांना चिकटून बसतं.

दार वाजलं. वास्को उभा होता. थिएटरमधला हा मुख्य सुतार. पडदे, दोर, नेपथ्य, वरची मचाणं, सगळं त्याच्या हाताखाली. अंगात कामाचा निळा डगला, भुवयांवर भुसा, आणि टोपी हातात. वास्कोला बोडक्या डोक्याने मी फक्त चर्चमध्ये पाहिलं होतं.

"सिन्योरा इल्दे, आधी गॅस बंद करा."

"का? काय झालं?"

"बंद करा. मग सांगतो."

मी गॅस बंद केला. तो खुर्चीवर बसला नाही.

"वरच्या मचाणावरचा दोर सुटला. पडदा तोलायची लोखंडी वजनं असतात ना, ती कोसळली. माएस्त्रो ओरेस्ते खालीच उभे होते."

"कुठे लागलं?"

तो टेबलावरच्या कणकेकडे बघत राहिला. "ते विचारू नका. शवपेटी बंदच ठेवा म्हणून मी सांगून आलोय."

"आणि मुलं?"

"मुलांना काही झालं नाही." त्याने टोपी पिळली. "मुलं... गात होती."

ओरेस्ते माझा नवरा. शहरातल्या मोठ्या ऑपेरा कंपनीच्या बालवृंदाचा तो प्रमुख होता. त्याच वृंदाला मी पियानोची साथ करत असे आणि लहानग्यांना स्वरलिपी शिकवत असे. त्या दिवशी सर्दीने घसा बसला म्हणून मी घरी राहिले होते.

मुलं गात होती म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या हिवाळ्यात बसवलेल्या ऑपेरात वेढा पडलेल्या एका शहराची गोष्ट होती. दुसऱ्या अंकात शहरातली मुलं चर्चमध्ये कोंडून घेऊन प्रार्थना म्हणतात. प्रेक्षकांना मुलं दिसत नाहीत. दिसतं ते चर्चचं बंद दार आणि त्यावर कुऱ्हाडी घालणारे सैनिक. प्रार्थना मागून ऐकू येते. शेवटी ती एका उंच स्वरावर येऊन ठेपते. घाव पडत राहतात, मुलं तो स्वर धरून राहतात, आणि दार फुटतं त्याच क्षणी स्वर तुटतो. पुढे काय झालं ते दाखवत नाहीत.

"स्वर विरला तर मुलं दमली असं वाटेल," ओरेस्ते म्हणायचा. "तुटला तर मेली असं वाटेल. मला मेलेली हवीत."

मागे काळ्या पडद्यांच्या आड पूर्ण काळोख असतो. तिथून वाद्यवृंदाच्या संचालकाचे हात मुलांना दिसत नाहीत. म्हणून ओरेस्ते एका खोक्यावर उभा राही, शेजारच्या छोट्या टीव्हीवर संचालकाचे हात बघे आणि लाल काचेच्या टॉर्चने मुलांना ताल देई. मुलांना तो स्वतः दिसत नसे. काळोखात एक लाल ठिपका हलत असे, इतकंच. शेवट करायचा झाला की तो डाव्या हाताची मूठ त्या दिव्यावर आवळी. बोटांच्या फटी क्षणभर निखाऱ्यासारख्या पेटत, मग काळोख. मूठ मिटली की स्वर बंद. मूठ मिटल्याशिवाय बंद नाही. एकदा ऐन प्रयोगात बल्ब गेला. दार फुटून गेलं तरी मुलं काळोखात गातच राहिली. शेजाऱ्याबरोबर श्वास घ्यायचा नाही, एकाने घेतला की मग दुसऱ्याने, असं त्याने शिकवलं होतं, त्यामुळे स्वरात कुठे फट पडली नाही. वास्कोने दुसरा दिवा आणून दिला, ओरेस्तेने त्यावर मूठ मिटली, तेव्हा ती थांबली. त्या रात्री जेवताना तो एकटाच हसत होता.

आणखी एक त्याचा नियम होता. स्वर शुद्ध लागेपर्यंत मूठ मिटायची नाही. तालमीत एखादा घसरला की सगळ्यांना तिथेच धरून ठेवायचा. मग खोक्यावरून उतरून मागून यायचा आणि ज्याचा स्वर पडलाय त्याची मान चिमटीत धरायचा, स्वर वर चढेपर्यंत. मुलांनी त्याचं नाव पक्कड ठेवलं होतं. या मानेवरून आमच्या घरात भांडणं झाली, ताटं फुटली.

"तू लाडाने शिकव," तो म्हणायचा. "गायला मी लावतो."

त्या गुरुवारच्या तालमीत चुकला तो एल्वियो. तेरा वर्षांचा, रांगेतला सगळ्यात सुंदर आवाज, आणि तो आवाज त्याच महिन्यात फुटायला लागला होता. शेवटच्या स्वरावर तो चिरकला. ओरेस्तेने दिवा तसाच वर धरून ठेवला. धरा, धरा. आणि वरून दोर सुटला.

"दिवा त्यांच्या हातातच होता, सिन्योरा," वास्को म्हणाला. "आडवा पडलेला हात, आणि त्यात पेटलेला दिवा. मुलं त्याच्याकडे बघून गात होती. त्यांना काय कळणार? धप्प झालं, पण मागे असले आवाज रोजचेच. मी सगळे दिवे लावले तेव्हा पुढच्या रांगेची तोंडं..." त्याने हाताने स्वतःच्या गालावर काहीतरी दाखवलं. "त्यांना वाटलं पाणी उडालं. उजेड झाल्यावर किंचाळली, तेव्हा कुठे गाणं थांबलं."

पेटी बंदच राहिली.

थिएटरचे व्यवस्थापक दोत्तोर कान्तोनी दफनानंतर तिथल्याच दगडी वाटेवर माझ्याशी बोलले. हात हातात घेऊन, हळू आवाजात. प्रयोग पुढे ढकलता येत नव्हता. ती मुलं दुसऱ्या कोणाच्या हाताला सरावलेली नव्हती.

"तुम्ही दिवा धराल का, सिन्योरा? त्यांच्यासाठी."

मी हो म्हटलं. घरी बसून काय करणार होते? कणीक फेकून द्यावी लागली होती. फडताळात त्याचे बूट होते. दिवा वास्कोने कागदी पिशवीत घालून आणून दिला. पुसलेला होता, पण लाल काचेच्या खाली, जिथे पत्रा वळवलेला असतो, तिथे एक बारीक काळी रेघ राहिली होती. ती मी सुईने काढू शकले असते. काढली नाही.

तो गेल्यानंतरचा पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. बाहेर उजेड होता, पण विंगेच्या मागे दुपार आणि मध्यरात्र यांत फरक नसतो. मुलं काळे डगले घालून रांगेत उभी राहिली. मी खोक्यावर चढले. खोक्याजवळच्या फळ्या नव्या होत्या, तिथे नुकत्याच रंधलेल्या लाकडाचा वास येत होता. वास्को विंगेत उभा होता. त्याने माझ्याकडे बघून खांबाच्या लोखंडाला बोट लावलं, अपशकुन टळावा म्हणून आम्ही लावतो तसं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण कशाला हात लावला, आणि त्याने तो डगल्याला पुसला.

टीव्हीच्या पडद्यावर संचालकाचा हात वर गेला. मी दिवा वर केला. मुलांनी पहिला शब्द उचलला.

थोड्या वेळाने मला बडीशेपेच्या गोळ्यांचा वास आला. ओरेस्ते दिवसभर त्या चघळत असे. त्या वासाखाली दुसरा एक वास होता, ओल्या लोखंडाचा. मग माझ्या उजव्या मनगटाभोवती बोटं आली. मी घाबरले नाही, हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण तसंच झालं. बोटं गरम होती. त्याच्या करंगळीतल्या अंगठीची जागा मला ओळखू आली. माझा हात त्याच्या हाताने ताल देत होता, आणि मुलं अशी गात होती की पुढे कुऱ्हाड मारणाऱ्या एका सैनिकाचा घाव चुकला. तो शेवटचा स्वर आला. दारावर घाव पडत होते. माझी डावी मूठ कोणीतरी उचलली, दिव्यावर आणली आणि मिटली. दार फुटलं. स्वर असा तुटला की सभागृहात कोणालातरी हुंदका आला.

टाळ्या थांबेनात. मी काळोखात उभी होते, माझी मूठ त्याच्या मुठीत होती, आणि मला ती सोडवायची नव्हती.

कपडे बदलायच्या खोलीत उजेड होता. नोएमी माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली. ही आठ वर्षांची, वृंदातली सगळ्यात लहान.

"सिन्योरा, बटण काढा ना. मागचं."

मी कॉलर खाली केली. तिच्या मानेवर एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला चार निळे-काळे डाग होते.

"हे कोणी केलं?"

"माएस्त्रोंनी."

"नोएमी... माएस्त्रो तर..."

"वारलेत. माहितीये. आम्ही फुलं नव्हती का टाकली?" ती वळली. "पण मागे उभे होते. मी खाली घसरत होते ना, म्हणून."

मी एकेकाची मान पाहिली. सगळ्यांच्या मानांवर तेच होतं. कोणी तक्रार करत नव्हतं. एकजण हसत म्हणाला, "आज पक्कड जोरात होती." बाकीचे हसले. एल्वियो मोजे ओढत होता. त्याची मान तेवढी कोरी होती.

"मी गायलोच नाही," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "नुसते ओठ हलवले. त्यांना कळलं नसेल, नाही का?"

मी त्याच्या डगल्याची घडी केली.

बुधवारी तालीम होती. दुपारची, वरच्या मोठ्या खिडक्यांच्या खोलीत. धुकं नव्हतं, ऊन पियानोवर पडलं होतं. हे मी मुद्दाम सांगते. तिथे काळोख नव्हता आणि आम्ही दमलेले नव्हतो. मुलं शेवटचा स्वर धरून उभी होती. नोएमी माझ्या अगदी शेजारी, पियानोच्या बाजूला. तिचा स्वर केसभर खाली आला. माझ्या कानाला तो कळला आणि माझा हात पट्ट्यांवरच थिजला, कारण बडीशेपेचा वास आला होता.

तिचं डोकं मागे झुकलं, कोणी वेणी धरून ओढावं तसं. मग पुढे आपटलं. पियानोच्या झाकणाच्या कडेवर तोंड आदळल्याचा आवाज मला अजून येतो. लाकडाचा नव्हे, दातांचा. पांढऱ्या पट्ट्यांवर रक्ताचे थेंब उडाले. मी ओरडत उठले, तिला धरायला हात पुढे केले, आणि ती सरळ उभी राहिली, तोंड उघडलं आणि पुन्हा तो स्वर लावला. शुद्ध. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, पुढचा दात खाली पट्ट्यांच्या फटीत पडला होता, आणि ती गात होती. बाकीची मुलं गात होती. त्यांचे डोळे माझ्या डाव्या हाताकडे लागले होते.

मी मूठ मिटली. मुलं थांबली. मग नोएमी रडायला लागली.

कान्तोनींच्या खोलीत मी बसले नाही.

"पडली ती," ते म्हणाले. "मुलं पडतात."

"पडली नाही. मी शेजारी होते."

"सिन्योरा, तुमच्यावर काय प्रसंग आलाय ते मला ठाऊक आहे. विश्रांती घ्या. पण रविवारचा प्रयोग..."

"मुलांशिवाय करा."

"तो स्वर नसेल तर दार फुटून काय उपयोग? लोक त्यासाठी येतायत. वृंद असा कधी गायला नव्हता, तुम्हीच सांगा. ओरेस्तेच्या वेळीसुद्धा नाही."

मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दिवा दुसऱ्या कोणाच्या हाती दिला असता. निदान मूठ तरी माझी असावी, असा मी विचार केला. आणि एल्वियोला बाहेर ठेवायचं. ज्याच्या घशात तो स्वर आता उरलाच नव्हता, त्याला ओरेस्ते काय करेल हे मला कळत होतं. मरायच्या आदल्या रात्री ओरेस्ते दिवा मालवताना म्हणाला होता, "एल्वियोचा आवाज फुटतोय. मी फुटू देणार नाही."

एल्वियोची आई मारिसा केस कापायचं दुकान चालवते. नवरा नाही. मी गेले तेव्हा ती एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्याला रंग लावत होती, आणि एल्वियो कोपऱ्यात टॉवेल घडी करत बसला होता.

"अजून दोन प्रयोग, सिन्योरा," मारिसा म्हणाली. "मग सोडेलच तो. घोगरा झालाय पार. सकाळी 'आई' म्हणाला तर मला वाटलं प्लंबर आला."

"आई!"

"मग काय खोटं बोलू? परवा फोन उचलला तर माझी बहीण म्हणते, 'अगं, घरात कोण पुरुष आहे?'"

रंग लावलेली म्हातारी खुदकन हसली. मी म्हटलं, रविवारी त्याने येऊ नये. का, ते मला नीट सांगता आलं नाही. नोएमीचा दात, मानांवरचे डाग, एवढंच सांगितलं. मारिसाचा ब्रश हवेत थांबला.

"ऐकलंस? घरी बसायचं."

एल्वियोने टॉवेल खाली ठेवला. "त्या दिवशी मी चिरकलो म्हणून ते तिथे उभे राहिले. नाहीतर मूठ मिटून कधीच खाली उतरले असते. दोर पडला तेव्हा तिथे कोणीच नसतं."

"असं नसतं, बाळा."

"मला तो एकदा नीट लावायचाय," तो म्हणाला. आणि 'लावायचाय' म्हणताना त्याचा आवाज दोन जागी फुटला.

मारिसाने रविवारी त्याला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलं. घर तळमजल्यावर आहे, खिडकी रस्त्याला.

प्रयोगाला मी मुलं आत सोडताना एकेकाचं तोंड पाहिलं. एल्वियो नव्हता. मग दिवे गेले. काळ्या डगल्यात, काळोखात, पडद्याच्या कडेने रांगेत सरकून उभं राहायला कितीसा वेळ लागतो?

त्या दिवशी बोटं सुरुवातीपासूनच मनगटावर होती. गरम, आणि आता घट्ट. वास इतका होता की मुलं खोकतील असं वाटलं. प्रार्थना चढत गेली. पुढे कुऱ्हाडी सुरू झाल्या. शेवटचा स्वर लागला, सगळ्यांचा मिळून एक, आणि त्याच्या मधोमध मला ऐकू आलं. एक घोगरा, तुटका आवाज, वर चढायला धडपडणारा. मी ओळखला.

दार फुटलं. मी डावी मूठ दिव्याकडे नेली.

ती मिटेना. माझ्या पंजात दुसरा पंजा शिरला होता, बोटांमध्ये बोटं. टीव्हीवर संचालकाचा हात खाली आला होता. वाद्यं थांबली होती. सभागृह गप्प होतं. आणि मुलं गात होती.

"ओरेस्ते," मी म्हटलं. "सोड."

पंजा आवळला. दिव्याच्या लाल उजेडात मला एल्वियो दिसला. दुसऱ्या रांगेत, चवड्यांवर उचललेला, वरून कोणी धरल्यासारखा. त्याचं तोंड उघडं होतं. माणसाचं उघडतं त्याहून जास्त. खालचा ओठ बाहेर ताणला गेला होता, गालाच्या आत काहीतरी होतं, जाड, हलणारं, आणि जबडा खाली, अजून खाली ओढला जात होता. कानाजवळ काहीतरी कट् झालं. ओठांचे कोपरे फाटले. आणि त्या तोंडातून तो स्वर आला, हरवलेला, पूर्वीचा, काचेसारखा, अर्धा क्षण. मग पुन्हा फुटला. जबडा पुन्हा ओढला गेला.

मी दिवा बंद केला. त्याने काही होणार नव्हतं, मला माहीत होतं. काळोखात स्वर चालूच राहिला. एकाने श्वास घेतला, मग दुसऱ्याने. मी उजव्या हातातला टॉर्च माझ्या डाव्या पंजाच्या जागी जोराने हाणला. एकदा, दोनदा. मांसावर बसल्यासारखा लागला, आणि तिसऱ्यांदा हाणला तेव्हा माझं डावं मनगट पिळलं गेलं आणि मोडलं. मला वेदना कळली नाही, ओल्या फांदीसारखा आवाज मात्र कळला. मी खोक्यावरून खाली पडले, चाचपडत, मुलांच्या पायांतून सरपटत गेले आणि एल्वियोच्या कमरेला मिठी मारून त्याला खाली खेचलं. वरून कोणीतरी खेचत होतं. मी दातांनी त्याचा डगला धरला होता.

"वास्को! उजेड!"

माझी हाक सभागृहाच्या सगळ्यात वरच्या सज्जापर्यंत ऐकू गेली, असं नंतर लोकांनी सांगितलं.

उजेड झाला. वर कोणी नव्हतं. एल्वियो माझ्या अंगावर पडला होता, जबडा लोंबत होता, माझा गळा त्याच्या रक्ताने गरम झाला होता. वास्कोने एकेका मुलाला उचलून बाहेर न्यायला सुरुवात केली. या वेळी ती किंचाळली नाहीत. गात गातच गेली. जिन्यावरून, मागच्या दारातून, धुक्यात. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या उघडून ऐकलं म्हणे. आयांनी कवटाळलं, कोणी थोबाडीत मारली, कोणी तोंडावर हात दाबला, तेव्हा एकेक गप्प झालं. थांबवली गेली. मूठ मात्र कोणी मिटली नाही.

प्रयोग बंद झाले. वृंदही बंद झाला. एल्वियोचा जबडा तारेने बांधला. माझं मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि फेब्रुवारीत बाहेर आलं. डॉक्टरांनी बोटं मिटायला सांगितली. मिटली. उत्तम, ते म्हणाले.

मार्चमध्ये मारिसा माझ्याकडे आली. दुकानाचा ॲप्रन तसाच होता. वाळली होती.

"दिवेलागणीला होतं, सिन्योरा," ती म्हणाली. "रोज. कुठेही असला तरी तोंड उघडतो. आवाज नाही येत. नुसता श्वास धरतो. मग घेतो. मग पुन्हा धरतो. ओठांचे टाके उसवतात, रक्त येतं. डॉक्टर म्हणतात, मनाचं आहे. मी नोएमीच्या आईला विचारलं. नोएमीचंही तसंच. बसमध्ये असली तरी. ती गाते, हळू. मग आम्ही एक दिवस दोघांना शेजारी बसवलं. एकाने श्वास घेतला की मग दुसऱ्याने. कधी एकदम नाही."

मी तिच्यासमोर कॉफी ठेवली. तिने हात लावला नाही.

"तो रोज थोडा जास्त उघडतो. काल जबड्याची तार तुटली." तिने माझा डावा हात धरला. "तो दिवा तुमच्याकडे आहे ना? त्यांना बोलावते. सगळ्यांना. इथे, नाहीतर कुठेही. तुम्ही फक्त एकदा मूठ मिटा. मिटाल ना?"

"हो," मी म्हटलं. "रविवारी."

त्या रविवारी मला ताप होता. पुढच्या रविवारी धुकं फार होतं, मुलं कशी येणार, असं मी कळवलं.

दिवा टेबलाच्या खणात आहे. दिवेलागणीला मी तो काढते, समोर धरते आणि लावते. स्वयंपाकघराच्या भिंती लाल होतात. थोड्या वेळाने बडीशेपेचा वास येतो. मी डावा हात उचलते, दिव्याजवळ नेते, आणि माझ्या उघड्या पंजात तो पंजा येतो, गरम, करंगळीत अंगठी असलेला. आता तो आवळत नाही. नुसता असतो. मी बोटं मिटली तर मिटतील, आणि तो जाईल, हे मला माहीत आहे.

एल्वियो पुन्हा इस्पितळात आहे. मारिसा रोज फोन करते. मी मूठ अजून मिटलेली नाही.